गुडघ्यावर टेकलेला हात

आजोबांच्या वह्या मोठीने मागितल्या, म्हणून पाठवते आहे. अकरा आहेत, खोक्यात क्रमाने लावल्या आहेत. ती या वर्षी इंजिनिअरिंगला जाणार, तेव्हा आजोबांच्या हातचं काहीतरी आपल्या टेबलावर असावं असं तिला वाटतं. पण वह्यांमधलं अक्षर माझं आहे. आजोबांनी त्यांत एक ओळही लिहिलेली नाही. असं का, आणि अकराव्या वहीच्या शेवटच्या भरलेल्या पानावर काय आहे, हे तुम्हा दोघांना आधी सांगायला हवं. तुमच्या बाबाकडून वाचून घ्या. वाचता वाचता तो मध्येच थांबला तर घाई करू नका.

आम्ही देश सोडून इथे अप्पर हटला राहायला आलो तेव्हा आजोबांची नोकरी संपली होती. सदतीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात त्यांनी गिअर तयार केले होते. इथे त्यांना काही काम नव्हतं. हिरवळ कापायचं मशीन ते महिन्यातून एकदा उगाच उघडून पुन्हा जोडत. मग एकदा तुमच्या बाबाने आपल्या सगळ्यांना एका गावच्या शेतीच्या प्रदर्शनाला नेलं. मेंढ्या, गाई, लाकडं फोडायच्या शर्यती, बायकांनी केलेले केक आणि त्यांवर चिकटवलेल्या बक्षिसांच्या रिबिनी. मोठी तेव्हा बाबागाडीत होती. मैदानाच्या टोकाला पत्र्याचं कुंपण होतं आणि पलीकडून भयंकर आवाज येत होता. सगळ्यांनी कान झाकले. आजोबा मात्र थांबून ऐकायला लागले.

"दुसरा गिअर घसरतोय त्याचा," ते म्हणाले आणि आवाजाच्या दिशेने चालायला लागले. आम्ही त्यांना शोधलं तेव्हा ते मातीच्या उतारावर बसले होते, चष्म्यावर चिखल उडालेला.

तिथे स्टॉककार पळत होत्या. मातीचा लंबगोल रस्ता, लोखंडी दांड्यांनी मढवलेल्या गाड्या, आणि एकमेकांना धडक देणं नियमात बसणारं. त्या दिवसानंतर उन्हाळ्यातला जवळजवळ प्रत्येक शनिवार-रविवार आम्ही कुठल्या ना कुठल्या मैदानावर असायचो. जवळची मैदानं दोन तासांवर, लांबची 'ते रापा' नावाच्या ठिकाणाच्याही पुढे, सहा तासांवर. गाडी मी चालवायची. आजोबा इथल्या परीक्षेत दोनदा नापास झाले होते. दुसऱ्यांदा तर त्यांनी परीक्षकालाच क्लच कसा दाबावा ते समजावून सांगितलं होतं.

"आई, सहा तास गाडी चालवून तुम्ही चिखल बघायला जाता?" तुमचा बाबा म्हणायचा.

"चिखल नाही रे, गिअरबॉक्स," आजोबा म्हणायचे.

"आणि आई काय बघते?"

पहाटे उठून मी तिखटमिठाच्या पुऱ्या करायची, थर्मासमध्ये चहा भरायची, दोन घडीच्या खुर्च्या गाडीत टाकायची. बुल्सला थांबून पाय मोकळे करायचे, वायोरूच्या पुढच्या उजाड रस्त्यावर बोलायचं नाही, कारण तिथे आजोबांना डोंगर बघायचे असत. ताउपोला चहा. ही शिस्त माझी. दुपारी शर्यती सुरू व्हायच्या आत आम्ही तिसऱ्या वळणाजवळच्या गवतावर खुर्च्या मांडून बसलेलो असायचो.

खरं सांगायचं तर मला शर्यत बघवत नसे. अगदी पहिल्यांदा बसलो होतो तेव्हाच एक गाडी उलटली आणि टपावर घसरत आमच्यासमोर आली. आतला माणूस हसत बाहेर पडला, पण मी तोवर डोळे मिटून घेतले होते. आजोबांनी ते पाहिलं. पुढच्या वेळी निघताना त्यांनी माझ्या हातात एक वही दिली.

"तू नोंद ठेव. प्रत्येक फेरीत पुढे कोण आहे ते मी सांगीन, तू लिही. म्हणजे तुला गाड्यांकडे बघावं लागणार नाही."

त्या आवाजात बोलणं शक्य नव्हतं. कानांवर आवाज अडवणारे जाड मफ असायचे. पण आजोबांच्या कारखान्यातही तेच होतं. प्रेसच्या विभागात माणसं हातांनी बोलत. त्या खुणा त्यांनी मला शिकवल्या. पुढे असलेल्या गाडीच्या आकड्याचं आधी दशक दाखवायचं, मग एकक. मूठ म्हणजे पाच, त्यापुढे जेवढी बोटं तेवढे अधिक. आणि पुढची गाडी बदलली नसेल तर हात गुडघ्यावर सपाट टेकवून ठेवायचा. म्हणजे सगळं आधीसारखंच. तसं असलं की मी रकान्यात वरच्याप्रमाणे म्हणून दोन बारीक रेघा मारायची.

मैदानाच्या मध्ये एका खांबावर फेरीचा आकडा बदलायचा. तो आकडा, आजोबांचा उजवा हात आणि वही, एवढंच मी बघायची. मी इंग्रजी शाळेत पट्टी धरून समास आखायला शिकले होते, त्यामुळे वह्या नीटनेटक्या आहेत. दहा उन्हाळ्यांत मी शेकडो शर्यती अशा पाहिल्या, एका माणसाच्या हातावर. त्या हाताची नखं, मनगटावरचा जुना भाजल्याचा डाग, राग आला की अंगठा आत कसा वळतो, हे सगळं मला पाठ होतं. आजोबांच्या चेहऱ्याकडे मात्र शर्यत चालू असताना मी कधी बघितलं नाही. तशी गरजच नव्हती.

आमची एक पैज असे. शर्यत संपल्यावर भोंग्यावर विजेत्याचा आकडा सांगत. तो आमच्या वहीतल्या शेवटच्या आकड्याशी जुळला नाही तर चूक करणाऱ्याने घरी जाऊन चहा करायचा. मी दोनदा चुकले होते. ते एकदाही नाही, आणि हे ते वरचेवर सांगत.

आता अकरावी वही.

ते मैदान 'ते रापा'च्या पुढे होतं. गावचं वार्षिक प्रदर्शन होतं, मागे मेंढ्या ओरडत होत्या, ऊन स्वच्छ होतं. आमच्या शेजारी नेहमीची बाई होती, दुधाचा टँकर चालवून निवृत्त झालेली, निळी बर्फाची पेटी घेऊन येणारी. तिने आजोबांना दुरूनच "किया ओरा, प्रोफेसर" असा इथला नमस्कार केला. ते प्रोफेसर नव्हते, पण त्यांनी तिला कधी दुरुस्त केलं नाही. जेवताना ते म्हणाले, पुऱ्यांना आज मीठ कमी आहे. मी म्हटलं, मीठ बरोबर आहे, तुमची जीभ म्हातारी झाली.

शेवटची शर्यत पंचवीस फेऱ्यांची. तेराव्या फेरीत आजोबांनी हात उचलून एकाहत्तर दाखवला. मी लिहिला. चौदाव्या फेरीत हात गुडघ्यावर सपाट. मी दोन रेघा मारल्या. पंधराव्या फेरीत तसंच. सोळाव्या फेरीत तसंच. मग सतरा, अठरा, एकोणीस. मला आठवतं, मनात आलं होतं की हा एकाहत्तर बरा निघाला, कोणाला जवळ येऊ देत नाही. पंचविसाव्या फेरीच्या रेघा मारून मी पेनला टोपण लावलं, कानांवरचे मफ काढले. भोंग्यावर विजेत्याचा आकडा सांगितला. अठ्ठावीस.

मला आनंद झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"चुकलात की हो," मी म्हटलं. "आज चहा तुम्ही करायचा."

हात गुडघ्यावर तसाच होता. मी वही बंद केली, पिशवीत ठेवली, थर्मासचं झाकण घट्ट केलं. मग वर बघितलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. टँकरवाल्या बाईने त्यांना खाली झोपवलं आणि त्यांच्या छातीवर दोन्ही हातांनी दाब द्यायला सुरुवात केली. ॲम्ब्युलन्स आणावी लागली नाही. अशा ठिकाणी ती मैदानातच उभी असते, आमच्यापासून शंभर पावलांवर. तिच्या पायरीवर बसून दोघं जण चिप्स खात होते. शर्यतभर ते तिथेच बसलेले होते.

अठ्ठावीस पुढे कधी गेला, हे मी नंतर विचारून घेतलं. टँकरवाल्या बाईने शर्यती भरवणाऱ्या मंडळाच्या लोकांकडून काढून दिलं. सतराव्या फेरीत. म्हणजे चौदा, पंधरा, सोळा या तीन फेऱ्यांच्या रेघा कदाचित आजोबांच्या असतील. पुढच्या नऊ माझ्या एकटीच्या आहेत. तिथे एक फेरी वीस सेकंदांत होते. नऊ फेऱ्या म्हणजे तीन मिनिटं. डॉक्टरांना मी हा हिशोब सांगितला. त्या तरुण होत्या, त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तीन मिनिटांनी बहुतेक काही फरक पडला नसता.

तो 'बहुतेक' शब्द अजून माझ्याबरोबर राहतो.

लोअर हटच्या तुमच्या जुन्या घरात, तेराव्या दिवसानंतर, मोठी माझ्या शेजारी येऊन बसली. दहा वर्षांची होती. तिने इंग्रजीत विचारलं, आजोबा गेले तेव्हा तू काय करत होतीस? मी इंग्रजीतच उत्तर दिलं. आय वॉज होल्डिंग हिज हँड. ते वाक्य सहज आलं. तिने ते बाबाला सांगितलं, बाबाने मला जवळ घेतलं, आणि मग ते खोडणं माझ्याच्याने झालं नाही. तुम्ही कॅलगरीला गेलात, तिथल्या शाळेत तिने आजोबांवर निबंध लिहिला, त्यातही ते वाक्य होतं. तो निबंध माझ्या फ्रिजवर लावलेला आहे.

मी त्यांचा हात धरलेला नव्हता. मी तो वाचत होते.

तुमचा बाबा दर वर्षी विचारतो की तू तिथे एकटी काय करतेस, इकडे ये. मी बागेचं कारण सांगते, गुडघ्यांचं सांगते. खरं कारण असं की मी अजून शर्यतींना जाते. एकटीच गाडी चालवते. पुऱ्या तेवढ्याच होतात, खुर्च्या दोन नेते. वायोरूच्या पुढच्या रस्त्यावर मी डावीकडे बघत नाही. बघितलं तर सीट रिकामी असते. न बघता चालवलं तर डोळ्याच्या कडेला तो हात असतो, गुडघ्यावर सपाट. सगळं आधीसारखंच, असं सांगत असतो. पन्नास-साठ किलोमीटर मी तशीच मान सरळ ठेवून जाते. मैदानावर मफ चढवले की आतल्या शांततेत तो पुन्हा दिसतो. मी वही नेत नाही. तरी खांबावरचा आकडा बदलला की माझं बोट मांडीवर दोन रेघा मारतं.

या उन्हाळ्यात, मोठीचा वह्यांसाठी फोन आल्यावर, मी त्याच मैदानावर गेले. टँकरवाली बाई होती. आता काठी घेऊन येते.

"लव्ह, तुझी ती दुसरी खुर्ची वाऱ्याने जाणार एक दिवस," ती म्हणाली.

"गेली तर जाऊ दे."

"मी बसू?"

आजवर तिने विचारलं नव्हतं. मी पिशवी उचलली, ती बसली, आणि मी तिला सगळं सांगितलं. रेघा, नऊ फेऱ्या, मुलीला सांगितलेलं वाक्य. ती पेटीतून काढलेलं सँडविच खात ऐकत होती.

"इथे हजार माणसं होती," ती म्हणाली. "सगळी गाड्यांकडे बघत होती. त्याच्याकडे बघणारी तू एकटीच."

मला बरं वाटावं म्हणून ती बोलली. मला बरं वाटलं नाही. पण तिने हे म्हटलं आणि मग विचारलं, "मुलीला कधी सांगणार?" मी म्हटलं, वह्या पाठवताना. "स्वीट ॲज," ती म्हणाली, म्हणजे छान, आणि मफ चढवले. तिच्या शेजारी बसून मी पहिल्यांदा एक अख्खी शर्यत गाड्यांकडे बघत पाहिली. एक गाडी कुंपणावर आदळली तेव्हा डोळे उघडे ठेवले. कोण जिंकलं ते मात्र लक्षात राहिलं नाही.

घरी आल्यावर ते पान काढून टाकावं असं मनात आलं होतं. वही शिवलेली आहे, एक पान फाडलं तर त्याचं जोडपानही सुटतं, आणि जोडपानावर याच वहीच्या सुरुवातीची एक चांगली शर्यत आहे. मग वाटलं, खरे आकडे आता मला माहीत आहेत, सतरापासून रेघांच्या जागी अठ्ठावीस लिहावेत. पेनसुद्धा घेतलं होतं. पण मग त्या नऊ फेऱ्या कोणीतरी पाहिल्या असं वहीत दिसलं असतं, आणि त्या आम्ही दोघांनीही पाहिल्या नव्हत्या.

तर पान जसं होतं तसं आहे. मोठे, तुझा निबंध तू लहानपणी लिहिलास, त्यात तुझी काही चूक नाही. तो मी फ्रिजवरून काढणार नाही, पण ते वाक्य माझं खोटं होतं, हे तुला माहीत असावं. यानंतर माझ्याशी बोलावंसं वाटलं तर रविवारी सकाळी मी घरी असते. नाही वाटलं तर वह्या तुझ्याच आहेत.

मला पेन दाबून लिहायची सवय आहे. ते पान उलटून मागच्या बाजूवरून बोट फिरव. एकाहत्तर लागेल, आणि त्याखाली रेघांच्या बारा जोड्या. पहिल्या तीन जरा हलक्या आहेत असं मला वाटतं. मी पुष्कळदा हात फिरवून पाहिलं आहे, पण माझ्या बोटांवर आता माझाच विश्वास नाही. तू सांग.