रविवारचा अर्धा तास

चंद्रपूर सोडलं तेव्हा गाडीत माझ्या बेस गिटारला बर्थ मिळाला आणि मला मिळाला नाही. तिची पेटी सीटखाली जाईना आणि दारापाशी ठेवायला माझं मन होईना. शेवटी वरच्या बर्थवर ती आडवी झाली आणि मी बायकोच्या पायाशी बसून पुण्याला आलो. निरोपाला फलाटावर गजू आणि बेबीताई आले होते. बेबीताईंनी शिदोरीचा डबा हातात दिला आणि पोटभर रडून घेतलं. गजू रडणाऱ्यातला नाही. खिडकीचे गज धरून तो म्हणाला, "जाय बे. पण दर रविवारी वाजवून पाठवत जाय फोनवर. आम्ही इकडं तुह्याच वाजवण्यावर गाणं बसवतो. जयंतीले मोठ्या इस्पीकरवर लावतो तुले." गाडी हलली तरी त्याने गज सोडले नव्हते. हमालाने त्याला मागे ओढलं.

वीजकेंद्राच्या कॉलनीतल्या तुम्हा लोकांना हे ठाऊक आहे. पण आपल्यासारखेच दुसऱ्या कॉलन्यांमधून उठून मुलांच्या मागे शहरात गेलेले जे कोणी हे वाचतील, त्यांच्यासाठी सांगतो. मी वीजकेंद्रात कंट्रोल रूमला होतो. गजू फिटर, बेबीताई दवाखान्यात नर्स. कॉलनीचा ऑर्केस्ट्रा होता. त्यात गजूचे ड्रम, बेबीताईंचा गळा आणि माझा बेस. बेस दिसायला गिटारच, फक्त तारा चार आणि चांगल्या जाड. गाणं चालू असताना त्याच्याकडे ढुंकून कोणी पाहत नाही, आणि तो थांबला की गाणं कोसळतं. बाबासाहेबांची जयंती, गणपती, कोणाची रिटायरमेंट, सगळीकडे आम्हीच. एकदा तार तुटून मी मध्येच थांबलो तर बेबीताई गाता गाता वळल्या आणि माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू कोणी खुर्ची काढून घेतली. आयुष्यात माझं एवढं कौतुक दुसऱ्या कोणी केलेलं नाही.

मग रिटायर झालो आणि क्वार्टर सोडावं लागलं. उभी हयात जिथे गेली, पोरगा जिथे चालायला शिकला, ते घर आपलं नव्हतंच, हे आपण सोयीने विसरून गेलेलो असतो. गावी जावं म्हटलं तर गाव कोणतं? बाबा गाव सोडून खाणीवर आले ते परत गेलेच नाहीत. मी लहानपणी विचारायचो, तर म्हणायचे, "गाव सोडताना मी मागं नाही पाहिलं. गावानं आपल्याले वेशीबाहेर ठेवलं होतं, मंग मागं कायचं पाहाचं?" त्यांचं बरोबरच होतं. ते जिथून निघाले तिथे मागे पाहण्यासारखं काही नव्हतं. मी निघालो तिथे सगळंच होतं, आणि त्यामुळे मान अजून सरळ होत नाही.

पोरगा कोथरूडला राहतो. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे, सून चांगली आहे, हिला तर पुणं फारच मानवलं. विहारातल्या बायका, भिशी, रोजचं फिरणं. तिला माझ्यापेक्षा जास्त माणसं ओळखतात. तक्रार करायला मला जागाच नाही, आणि हीच माझी मोठी तक्रार आहे.

आल्याबरोबर पहिल्या आठवड्यात अँप्लिफायर लावला. संध्याकाळी बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे लिमये दारात.

"नमस्कार. आपण वर काही वाजवता का?"

मी खुलून म्हटलं, "हो, बेस गिटार. या ना आत."

"नको. ते आम्हाला ऐकू येत नाही, छातीत येतं. आणि छाती आमची आता जुनी झाली आहे."

शेवटी तह झाला. रविवारी सकाळी अर्धा तास. "तेवढ्यात आम्ही दोघं भाजी आणायला जातो," लिमये म्हणाले. एरवी मी कानाला हेडफोन लावून वाजवायचो. ही समोर बसून लसूण सोलायची आणि तिला काहीही ऐकू यायचं नाही.

सोबत शोधली नाही असं नाही. नारायण पेठेत एका हॉलमध्ये माझ्याच वयाची मंडळी जमून जुनी गाणी म्हणतात, असं कळलं. पेटी घेऊन दोन बस बदलून गेलो. सगळे कराओके ट्रॅकवर गाणारे. त्यातले एक गृहस्थ फार सभ्यपणे म्हणाले, "अहो, पण ट्रॅकमध्ये बेस असतोच की. आपण गाणार असाल तर नाव लिहून घेतो." मला गाता येत नाही. तिघाचौघांची गाणी ऐकली, चहा घेतला आणि पेटी न उघडता परत आलो. एकट्याने वाजवायचं वाद्य नाही हो हे. तबलजी एकटा बसला तरी लोक टाळ्या वाजवतात. एकटा बेस म्हणजे लग्न नसताना घातलेला मांडव.

म्हणून रविवार. दोन वर्षं माझा आठवडा त्या अर्ध्या तासावर तगून होता. लिमये पिशवी घेऊन फाटकाबाहेर पडले की फोन साखरेच्या डब्याला टेकवून व्हिडिओ लावायचा, अँप्लिफायर चालू करायचा आणि एक अख्खं गाणं वाजवायचं. बेबीताईंचा आलाप जिथे येतो तिथे मी हात हलका करायचो, गजू जिथे चेकाळतो तिथे त्याला धरून ठेवायचो. नंतर हेडफोनवर ऐकून, खात्री करून मगच पाठवायचो. गजूचा अंगठा यायचा. बेबीताई लिहायच्या, "भाऊ, काय वाजवलं! डोळ्यात पाणी आलं." सोमवारी मी भाजीवाल्याशीसुद्धा गोड बोलायचो.

गेल्या हिवाळ्यात सोसायटीच्या बागेत बाकावर बसलो होतो. लिमये होते, आणखी दोघेतिघे होते. लिमये म्हणाले, "एकदा ऐकवा तरी काय वाजवता ते. आम्हाला नुसती थरथर माहीत आहे." हेडफोन घरी होता. मी फोन तसाच लावला, आवाज पूर्ण मोठा केला. फोनमधून आलं टक, टक, टकटक. तारेवर बोट आपटल्याचा आवाज. मध्येच खुर्ची करकरली ती मात्र स्पष्ट ऐकू आली.

लिमये शांतपणे म्हणाले, "वा. टायपिंगची परीक्षा कधी आहे?"

सगळे हसले, मीही हसलो. घरी येऊन हिच्या फोनवर लावलं, सुनेच्या फोनवर लावलं. टकटक. पोरगा म्हणाला, "बाबा, फोनचा स्पीकर केवढासा असतो! इतका लो, खर्जातला साउंड त्यातून येतच नाही. हेडफोन लावला तरच येणार." एवढी साधी गोष्ट. जन्मभर वीजकेंद्राच्या काट्यांवर नजर ठेवली आणि हे डोक्यात आलं नाही. आणि गजूच्या कानाला हेडफोन मी कधी पाहिलेला नाही.

लगेच त्याला फोन लावला.

"गजू, खरं सांग. मी पाठवतो ते ऐकू येते का तुले?"

त्याने आधी टीव्हीचा आवाज बंद केला. मग म्हणाला, "नाही येत ना बाप्पा."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच."

"मंग गाणं कशावर बसवता बे?"

मग एकेक निघालं. आपण तालीम करायचो त्या हॉलला कुलूप आहे. बेबीताई मुलीकडे बंगलोरला गेल्या, त्याला वर्ष झालं. आपल्या ओळीतली क्वार्टर्स पाडायला काढलीत. जयंतीला पोरांनी डीजे आणला. गजूचे ड्रम पलंगाखाली आहेत. गाणं मी गेल्यावर एकदाही बसलेलं नव्हतं.

"मंग अंगठा कायले पाठवत होता?" मी ओरडलोच.

"ऐकू नाही आलं तं काय झालं? दिसत तं होता ना तू. माणूस हाय, एवढं तं समजत होतं."

त्याच्यावर राग यायला हवा होता. आला असता तर बरं झालं असतं, निदान भांडलो असतो. दोन वर्षं ज्या गाण्याला मी धरून ठेवत होतो, ते कुठे चालूच नव्हतं. आता या जन्मी माझ्या बाजूला उभं राहून कोणी गाणार नाही, हे मला त्या दिवशी कळलं. खूप उशिरा कळलं, पण नीट कळलं.

पुढच्या रविवारी काही पाठवलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारी दुपारी गजूचा मेसेज आला, "काऊन बे, तब्येत बरी हाय ना?" मागोमाग बंगलोरहून बेबीताईंचा, "भाऊ, काय झालं?"

परवा लिफ्टमध्ये लिमये भेटले. म्हणाले, "हल्ली रविवारी आम्ही घरीच असतो. काही येत नाही वरून. बंद केलंत? आभारी आहे." मी म्हटलं, "हो."

बंद केलेलं नाही. रविवारी मी दाढी करतो, इस्त्रीचा शर्ट घालतो, खिडकीजवळ उजेडात बसतो. अँप्लिफायर लावत नाही, वायर जोडतच नाही. अख्खं गाणं वाजवतो आणि चेहरा फोनकडे ठेवतो. दोन माणसांना मी जिवंत दिसतो तेवढंच माझं घर उरलंय, आणि तेही हातातल्या फोनएवढंच. या रविवारी पाठवल्यावर गजूचा अंगठा आला. मग बेबीताईंचं आलं, "भाऊ, आज फारच सुंदर वाजवलं."