चाकांमधलं अंतर

लेथवर तापलेल्या तेलाचा वास आला की मला अकोल्याचं ते वर्कशॉप आठवतं. मॉडेल रेल्वेचे जुने डबे जमवायचा मला नाद, म्हणून अमरावतीहून गेलो होतो, आणि तिथल्या म्हाताऱ्या मालकानं आपल्या आजोबांच्या वेळचा एक पितळी डबा माझ्यापुढं ठेवला. खिडक्यांच्या झडपा, दाराच्या कड्या, सगळं मापात होतं. मी व्हर्नियर काढला, चाकांमधलं अंतर मोजलं आणि म्हणालो, "डब्याच्या मानानं चाकं फार जवळ आहेत. नकली आहे." "असं व्हय? मले वाटे, असली हाये," एवढंच म्हणून त्यानं डबा फडक्यात गुंडाळला. महिन्याभरानं मूर्तिजापूरला गाडी थांबली, तेव्हा पलीकडच्या गवतात अचलपूरच्या बंद पडलेल्या छोट्या लाईनचा डबा उभा दिसला. त्या लाईनचे रूळच जवळ, त्यामुळे त्याचीही चाकं पोटाखाली तशीच जवळजवळ होती. लहानपणी मी याच गाडीनं मामाकडं जायचो, आणि मोजताना मोठी लाईन धरून बसलो होतो. दुसऱ्याच दिवशी अकोला गाठलं. मालक खुशीत होता. "तुमी चूक सांगतली, मंग म्या लेथवर नवी चाकं काढली. आता माप बराबर हाये, पाहा." जुनी चाकं वितळवून त्यानं पंपाचे पितळी बुश ओतले होते. मी डबा तसाच घेऊन आलो. आता घरी येणारे जाणकार तो उलटा करून विचारतात, छोट्या लाईनच्या डब्याला मोठ्या लाईनची चाकं लावणारा हा शहाणा कोण? मी सांगतो, हात लेथवाल्याचा, अक्कल माझी.