पेरू कापायचा चाकू

संघटनेत पत्रक लिहायला शिकवताना आम्हाला पहिल्यांदा सांगितलं गेलं की वाक्य आखूड ठेवा आणि ‘कदाचित’ हा शब्द विसरा. मी लिहिता लिहिता तशीच बोलायलाही लागले. आई म्हणते, हिला मीठ दे म्हटलं तरी ही आधी निषेध करते.

त्या रविवारी पाथर्डीहून नगरला निघाले तेव्हा पिशवीत मीच लिहिलेल्या पत्रकाचा गठ्ठा होता. तलवारीनं केक कापण्याविरुद्ध. त्यातली एक ओळ संघटनेत सगळ्यांना फार आवडली होती आणि ती जाड टाइपात छापली होती: ‘हत्यार हा भेकडाचा दागिना आहे.’

आमच्या गल्लीत एका दादाचा वाढदिवस दणक्यात होतो. मोटारसायकलच्या सीटवर केक, भाड्यानं आणलेली तलवार, आणि सगळ्यांचे मोबाईल वर. मागच्या वर्षी केकची थाळी समोरच्या काकूंनी धरली होती, कारण दादा त्यांना आईसारखं मानतो. तलवार केकवरून घसरली आणि काकूंच्या तळहातात गेली. काकू भाकऱ्या करून देतात. उजव्या हाताची दोन बोटं आता मिटत नाहीत, म्हणून त्या तळहाताच्या मनगटाजवळच्या भागानं भाकरी थापतात आणि ती एका बाजूला जाड राहते. यंदाही तलवार ठरली होती. थाळी धरायचा मानही यंदा काकूंचाच, असा निरोप आला होता.

काकू मला एवढंच म्हणाल्या, “काय करायचं ते कर, पण माझं नाव कुठं काढू नको. मला ह्याच गल्लीत राहायचंय.”

तलवार नगरच्या एका मांडववाल्याची. त्याच्याकडून मांडव, खुर्च्या, नवरदेवाचा फेटा आणि तलवार असं सगळं एकत्र मिळतं. फोनवर तो दाद देईना. मग कळलं की महिन्यातल्या एका रविवारी चाकू-सुऱ्यांचे शौकीन एका निवृत्त फौजीच्या गच्चीवर जमतात आणि मांडववालाही तिथं असतो. मी सरळ तिथंच गेले.

मनात ठरवलेलं चित्र वेगळं होतं. गॉगल, साखळ्या, दंडावर गोंदलेलं काहीबाही. गच्चीवर सतरंजी होती, चहाची किटली होती आणि नाकावर चष्मा सरकवत पाती न्याहाळणारी चारदोन पोक्त माणसं होती. घरमालकांना सगळे मेजर म्हणत. ते हवालदार म्हणून निवृत्त झाले होते, पण आपल्याकडे फौजेतून परतलेला प्रत्येक जण मेजरच असतो. त्यांनी मला बसायला लावलं आणि म्हणाले, आधी ऐका, मग बोला. इथला नियम असा की ज्याला बोलायचंय त्यानं स्वतःचं पातं सतरंजीवर ठेवायचं, धार स्वतःकडे करून. रिकाम्या हातानं इथं कुणी बोलत नाही.

मी म्हटलं, “माझ्याकडे असलं काही नसतं. मी त्याच्याविरुद्धच आले आहे.”

कुणाला राग आला नाही. चहा आला.

मग एकेक जण आपल्याकडची सगळ्यात भारी वस्तू दाखवायला लागला. मेजरनी गुरख्यांकडे असते तसली वाकड्या पात्याची कुकरी काढली. तिच्या पात्यावर एक पोचा होता आणि त्याचाच त्यांना अभिमान. सगळ्यांना वाटतं लढाईत पडला, म्हणाले, पण हा दुधाच्या पत्र्याच्या डब्यानं पाडलाय, वर बर्फात डबे फोडायला दुसरं काही नव्हतं. कॉलेजात शिकवणाऱ्या एका सरांकडे पोलादाचे थर ठोकून केलेला चाकू होता, पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी. ते तो कुणाच्या हातात देत नव्हते. एकदाच त्यांनी त्यानं टोमॅटो कापला होता आणि नंतर रात्रभर त्यांना वाईट वाटत राहिलं. मेजर म्हणाले, “सर, टोमॅटोला काय वाटलं ते इचारलं का?” सर सोडून सगळे हसले.

मांडववाला तलवार घेऊन येईल अशी माझी खात्री होती. त्यानं खिशातून काथ्याची दोरी कापायचा एक छोटा सुरा काढला. वडिलांपासूनचा, घासून घासून बोटाएवढा उरलेला. तलवारीबद्दल विचारलं तर म्हणाला, ती भाड्याची वस्तू, खुर्चीसारखी, तिच्यात कुणाचा जीव असतोय.

खरं सांगते, मला हे सगळं आवडत होतं. तो झिजलेला सुरा हातात घेऊन बघावा असं वाटत होतं. विरोध करायला येऊन आपण हे काय करतोय असं वाटलं, म्हणून मी ताडकन उठले आणि पत्रकं वाटायला पिशवीत हात घातला.

गठ्ठा रबरासकट ओढला. रबरात अडकून त्याच्याबरोबर एक घडीचा चाकू बाहेर आला आणि सतरंजीच्या बरोबर मध्यभागी पडला.

लाल प्लास्टिकची मूठ, त्यावर मोराचं चित्र. मी शिकायला हॉस्टेलवर निघाले तेव्हा वडिलांनी तो यात्रेतून आणला होता. देताना माझ्याकडे न बघता म्हणाले होते, “पेरू-काकडी कापायला राहू दे.” मीही बरं म्हटलं होतं. तेव्हापासून पिशव्या बदलल्या, चाकू प्रत्येक पिशवीत तळाशी असतोच. शेवटच्या एसटीनं उतरून घराकडे चालताना माझा हात आपोआप पिशवीत जातो. हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. संघटनेत तर नाहीच.

कुणी हसलं असतं तर मी भांडले असते. हसलं कुणीच नाही. मेजरनी चाकू दोन्ही हातांनी उचलला, कुकरी उचलावी तसा, आणि म्हणाले, “सांगा ताई, ह्याचं सांगा.”

“पेरू कापायचा आहे,” मी म्हटलं.

त्यांनी पातं उघडून बघितलं. उघडेना. नखानं, मग चिमटीनं, मग दातओठ खाऊन. आत गंजून बसलं होतं. “ह्यानं एक पेरू कापलेला न्हाई,” ते हळूच म्हणाले. म्हणजे इतकी वर्षं मी अंधारात जे घट्ट धरून चालत होते, ते वेळ आली असती तरी उघडलं नसतं.

एव्हाना मांडववाल्यानं खाली पडलेलं पत्रक उचललं होतं. वाचायची सवय नसलेला माणूस वाचतो तसा तो एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचत होता. “हत्यार… हा… भेकडाचा…” पुढचा शब्द त्यानं वाचला नाही. माझ्याकडे बघितलं आणि पत्रकाची घडी घालून खिशात ठेवली. त्यानं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, इतकी मला त्या घडीची लाज वाटली.

मेजरनी शिलाई मशीनचं तेल मागवलं. सांध्यात थेंब सोडला आणि पातं हलवत बसले. सर पुढं सरकले, त्यांनी आपला धार लावायचा दगड दिला, जो म्हणे ते कुणाला देत नाहीत. माझ्या त्या मोराच्या चाकूभोवती ती सगळी माणसं डोकी जोडून बसली. मी उभीच. मला बस म्हणायचंही कुणाला सुचलं नाही.

मांडववाला माझ्याशेजारी येऊन म्हणाला, “तुमच्या गल्लीतली ती तलवार मी देत न्हाई आता. सांगतो त्या दादाला, मूठ ढिली झालीय म्हणून. पण ताई, तुमाला भ्या वाटतं हे आधीच बोलला असता तर फोनवरच काम झालं असतं की.”

माझ्या तोंडाशी आलं होतं की हे माझ्यासाठी नाही. हा तत्त्वाचा प्रश्न आहे. एका बाईचा हात गेला आहे आणि तुम्ही तिला खुर्चीच्या भाड्यात मोजता. सगळी वाक्यं तयार होती, आखूड आणि ‘कदाचित’ नसलेली. पण काकूंचं नाव काढायचं नव्हतं. आणि मी भ्यायले नाही असं म्हटलं तर दादाला तलवार पुन्हा मिळेल की काय, याची मला खरोखर भीती वाटली. मी मान हलवली. उपकार झाले, असंही म्हणाले. मी, जी पत्रकात ‘उपकार नको, हक्क हवा’ लिहिते.

वाढदिवसाला केक प्लास्टिकच्या सुरीनं कापला गेला. काकूंनी थाळी धरली आणि थाळी खाली ठेवून आपल्या घरी गेल्या. संघटनेत सगळे म्हणाले, पत्रकानं काम केलं. दुसऱ्यांदा छापायला दिलं तेव्हा ती जाड टाइपातली ओळ काढावी म्हणून लाल पेन हातात घेतलं होतं. काढली असती तर का काढली ते सांगावं लागलं असतं. ओळ तशीच गेली, जाड टाइपात.

चाकू आता एका बोटानं उघडतो. मधे एकदा वडील माझ्या पिशवीत बसचे सुटे पैसे शोधत होते, त्यांच्या हाताला तो लागला. त्यांनी उघडला. पात्यावर अंगठा आडवा फिरवून बघितला, बराच वेळ. धार कुणी लावली ते विचारलं नाही. बंद करून होता तसा तळाशी ठेवला.

“पेरू ग्वाड हुता का?” ते म्हणाले.

“व्हय,” मी म्हटलं. आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत नव्हतो.