माझ्या अक्षरातलं माफीपत्र

"मोठ्यानं बोल ना रे भो. तुझ्या बापाले ऐकू येत नाही."

मठाचे अध्यक्ष हे म्हणाले तेव्हा माझा धाकटा भाऊ दहा वर्षांचा होता. मठाच्या ऑफिसात पाच खुर्च्या, पाचांवर पाच विश्वस्त. आम्ही चौघं खाली सतरंजीवर. महाराज आतल्या खोलीत होते. पडद्याखालून त्यांचे पाय दिसत होते. स्वच्छ, तेल लावलेले पाय. आम्ही दर गुरुवारी त्यांवर डोकं ठेवायचो.

सुरतेतल्या नवागामात आमच्या गल्लीत सगळेच मोठ्यानं बोलतात. लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाला हळू बोलता येत नाही आणि हळू बोललेलं कळत नाही. बाबांचे कान तेव्हाच निम्मे गेले होते. आदल्या दिवशी धाकट्यानं आईच्या पदरात तोंड खुपसून जे सांगितलं होतं, ते कुजबुजून सांगितलं होतं. आता तेच पाच पुरुषांसमोर, बाबांच्या कानात शिरेल अशा आवाजात सांगायचं होतं.

तो पुटपुटला.

"काय म्हनस?" बाबांनी विचारलं.

तो पुन्हा पुटपुटला.

"जोरमा बोल रे."

बाबांचा दोष नव्हता. त्यांना खरंच ऐकू आलं नव्हतं. खजिनदार तोंडावर रुमाल धरून हसले. तिसऱ्यांदा धाकटा ओरडला. संस्कार वर्ग सुटल्यावर महाराज त्याला मागे थांबवून घेत. त्यानंतर काय करत, ते त्यानं दोन वाक्यांत ओरडून सांगितलं. ती दोन वाक्यं मी इथं लिहीत नाही. ती जिथं लिहायची तिथं लिहिली आहेत. त्याचं नावही इथं नाही. कायद्यानं ते छापता येत नाही, आणि त्यानं स्वतःही छापू दिलं नसतं.

बाहेर आरतीसाठी बायका जमल्या होत्या. टाळ वाजायचे थांबले. सगळ्यांनी ऐकलं. आत कोणीही आलं नाही.

अध्यक्षांना सगळे अप्पा म्हणतात. आमच्याच तालुक्यातले. बाबांना सुरतेत आणून खात्याला लावलं ते त्यांनी, खोली मिळवून दिली ती त्यांनी. आमच्या गल्लीतली निम्मी घरं अशीच त्यांच्या शब्दावर उभी होती. अप्पांनी घसा साफ केला.

"महाराजांनी पोटच्या पोरासारखं शिकवलं याले. अन् हा काय बोलतो? टीव्ही पाहतो का घरी?"

"टीव्ही नाही आमच्याकडं," मी म्हटलं.

"तुले विचारलं का?"

मी तेरा वर्षांची होते. सातवीत. मनपाच्या मराठी शाळेत पहिली यायचे. मठाच्याच सुलेखन स्पर्धेत मला बक्षीस मिळालं होतं, आणि ते महाराजांच्याच हातून घेतलं होतं. आमच्या लोकांत घरातलं जे पोर आधी शिकतं, ते घराचं सगळं लिहितं. रेशनकार्डाचा अर्ज, शाळेचा अर्ज, गावाकडच्या आजारपणाची चौकशी. गल्लीतल्या चार घरांचं मीच लिहायचे. मला त्याचा अभिमान होता. अप्पांना ते ठाऊक होतं.

"मोत्यासारखं अक्षर आहे पोरीचं," ते म्हणाले. "हिलेच लिहू द्या."

माफीपत्र. आमच्या मुलाने महाराजांवर खोटा आळ घेतला, त्याबद्दल आम्ही विश्वस्त मंडळाची क्षमा मागतो. अप्पा सांगत गेले. मला शाळेची सवय होती, आधी कच्चं, मग पक्कं. मी दप्तरातून वही काढली आणि कच्चं लिहायला लागले. पहिल्याच ओळीत मी लिहिलं, "माझ्या भावाने आज सांगितले की," आणि त्यानं जे ओरडून सांगितलं ते त्याच्याच शब्दांत उतरवलं. वर तारीख घातली. अर्जात हजर असलेल्यांची नावं लिहायची असतात असं बाईंनी शिकवलं होतं, म्हणून पाचही विश्वस्तांची नावं लिहिली. अप्पांनी वाकून पाहिलं आणि माझ्या हातातून पेन घेऊन त्या ओळींवर तिरपी रेघ मारली.

"हे नाही लिहायचं. काय गरज?"

मी आईकडं पाहिलं. आई दिवसभर साड्यांचे धागे कापायची, तिच्या बोटांना कात्रीचे घट्टे होते. त्या बोटांनी तिनं धाकट्याचे कान झाकले होते.

"लिखी दे माय," ती म्हणाली. "घर जाऊत आते."

मी पक्कं लिहिलं. एकही खाडाखोड नाही. बाबांनी अंगठा दिला. शेवटी अप्पा म्हणाले, पोरानं चार गुरुवार पहिल्या रांगेत बसायचं, म्हणजे लोकांच्या मनातलं जाईल.

चारही गुरुवार मी त्याला हात धरून नेलं. तो पहिल्या रांगेत बसला. महाराज येताना त्याच्या मानेवर हात ठेवून म्हणायचे, "आला का आमचा बाळ?" लोक माना डोलवायचे. पाचव्या गुरुवारपासून आम्ही गेलो नाही. घरात पुन्हा कोणी तो विषय काढला नाही. आम्हाला वाटलं, संपलं.

त्यानंतर धाकट्यानं मानेला कोणाचा हात लावू दिला नाही. न्हाव्याच्या दुकानात पाय ठेवला नाही. त्याचे केस मीच कापायचे, आईच्या धागे कापायच्या कात्रीनं. मानेवरचे केस आले की तो म्हणायचा, "सांगून कर हां ताई." मी सांगायचे. आता उजवीकडं. आता खाली. आता झालं. बारा वर्षं मी अशी सांगून कात्री चालवली. त्यानं मला त्या पत्राबद्दल एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

कतारगामच्या एका कारखान्यात तो हिऱ्यांना पैलू पाडायला बसायचा. कमी बोलायचा. कारखान्यातली पोरं त्याला "ऋषी" म्हणायची, वाढलेल्या केसांमुळं आणि गप्प राहण्यामुळं. यंदा डेंग्यूनं तो आठ दिवसांत गेला. बावीस वर्षांचा. महाराजांमुळं तो मेला असं मी म्हणणार नाही. लोकांना तसं ऐकायला आवडतं, कारण मग गोष्ट पुरी होते. तो तापानं मेला. महाराजांमुळं तो कसा जगला, ते मी सांगते आहे.

तेराव्या दिवशी सुतक फेडायची गंधमुक्ती होती. गल्लीत मांडव घातला होता. गावाकडची माणसं आली होती. आणि अप्पा महाराजांना घेऊन आले. न विचारता. आमच्यावर उपकार म्हणून. महाराजांसोबत टाळ घेतलेली सात-आठ मुलं होती, गळ्यात एकसारखी उपरणी. नवा संस्कार वर्ग. मला माहीत नव्हतं की तो अजून चालतो. मी विचारलंच नव्हतं. बारा वर्षांत मी ग्रंथपालाचं शिकले, शाळेच्या ग्रंथालयात नोकरीला लागले, दुसऱ्यांची पुस्तकं जागच्या जागी लावली, आणि आमच्या घरापासून पाच मिनिटांवरच्या मठात कोणती मुलं मागे थांबतात हे मी एकदाही विचारलं नाही. आमचा सुटला ना, मग बस. आमची चूक ही आहे. माझी आहे.

महाराज धाकट्याच्या फोटोसमोर बसले. म्हणाले, फार गुणी बाळ होता. मग शेजारच्या मुलाच्या मानेवर त्यांनी हात ठेवला. त्या मुलाचे खांदे कानापर्यंत वर गेले.

ते खांदे मी ओळखते. बारा वर्षं मी त्या खांद्यांवर टॉवेल टाकला आहे.

मी उठले. "हात काढा."

कोणाला कळलं नाही. मी पुन्हा म्हटलं, गल्लीच्या आवाजात. "महाराज, त्या पोराच्या मानेवरचा हात काढा."

त्यांनी काढला. अप्पा हसत उभे राहिले. "दुःखात आहे पोरगी. बस माय, बस."

"मी बसणार नाही. माझ्या भावानं तुमच्यासमोर सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?" आता त्यांचा आवाज चढला. "खोटं होतं ते, तूच लिहून दिलं ना! तुझंच अक्षर. मठाच्या फाईलमध्ये आहे अजून. आणू का? वाचून दाखवू सगळ्यांले?"

"आणा," मी म्हटलं. "जरूर आणा. जपून ठेवा. तेच पाहिजे मला."

अप्पांचा चेहरा उतरला. आपण काय बोलून बसलो ते त्यांना तिथं कळलं. निम्म्या गल्लीसमोर त्यांनी कबूल केलं होतं की एका दहा वर्षांच्या मुलानं विश्वस्तांसमोर तक्रार केली होती आणि ती त्यांनी फाईलमध्ये बंद केली होती. लहान मुलाबाबत असं कळलं तर पोलिसांना कळवावंच लागतं. दडवणं हा गुन्हा आहे. तेव्हाही होता. आम्हाला माहीत नव्हतं. त्यांना माहीत करून घ्यायचं नव्हतं.

महाराज उठून निघाले. मुलं मागोमाग निघाली तेव्हा ते खांदे वर गेलेल्या मुलाची आई पुढं आली आणि तिनं त्याला हाताला धरून बाजूला घेतलं. त्याच्या गळ्यातलं उपरणं तेवढं काढून खुर्चीवर टाकलं.

"नमकहराम," अप्पा जाताना बाबांना म्हणाले.

"काय म्हनस?" बाबांनी मला विचारलं. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. तो शब्द, आणि बारा वर्षांपूर्वीचं सगळं, पुन्हा. बाबांनी डोक्याची टोपी काढून मांडीवर ठेवली.

सातवीची वही मी टाकली नव्हती. मी काहीच टाकत नाही. कच्चा मसुदा तिच्यात आहे. तारीख आहे, पाच नावं आहेत. अप्पांच्या पेनाची तिरपी रेघ आहे, आणि रेघेखाली माझ्या भावाचे शब्द आजही स्वच्छ वाचता येतात.

दुसऱ्या दिवशी बाबा आणि मी पोलीस ठाण्यात गेलो. तिथली पोलीस बाई म्हणाली, "बेन, छोकरो तो गुजरी गयो. हवे शुं?" मुलगा तर गेला, आता काय, असं ती विचारत होती. मी म्हटलं, तो गेला, वर्ग चालू आहे. मी तक्रार टेबलावर ठेवली. तिच्यात पहिलं नाव महाराजांचं. त्याखाली पाच विश्वस्तांची, एकेक, पूर्ण. खुर्चीत बसून हसणाऱ्याचंही. आणि शेवटी, ते माफीपत्र लिहिणारी मी, वय तेव्हा तेरा.

"वाची संभळावो," ती म्हणाली. मी वाचायला लागले. बाहेरच्या बाकावर माणसं होती. दोघं वळून पाहू लागले. तिनं हात खाली-वर केला. "धीमे, बेन. बहार लोको छे."

मी थांबले. बाबा शेजारच्या खुर्चीत पुढं झुकून बसले होते, उजवा कान माझ्याकडं करून.

"जोरमा वाच," ते म्हणाले.

मी पहिल्यापासून सुरुवात केली. जोरात. ती दोन वाक्यंही. ठाण्यात ही तक्रार ठेवून घेतली नाही तर मी वरच्या ऑफिसात वाचीन. तिथं नाही तर कोर्टात. दर गुरुवारी मठाच्या दारात उभी राहून वाचीन, आत एक जरी मूल असेल तोवर. यापुढे कच्चं काही नाही. आता मी पक्कंच लिहिते.