नांगर नसलेली साखरदाणी

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोलाही नाही — आणि गोष्ट तिच्याच वडिलांची आहे. परभणीत लोक माझ्याकडं हिशेब तपासायला आणतात. माझी नजर चुकत नाही म्हणतात. काय सांगू त्यांना?

सासरे पिंगळीचे. मी त्यांना मामा म्हणायचो. त्यांचे वडील पूर्णा जंक्शनवर एका इंग्रज साहेबाचे खानसामा होते. विलायतेला परत जाताना साहेबानं त्यांना बर्मिंगहॅमला घडवलेली एक चांदीची साखरदाणी दिली. मामा ती पंच्यानं पुसत आणि म्हणत, "ही माज्या बापाच्या इमानाची पावती." सोनाराला मात्र ती कसोटीवर घासू देत नसत. बापाच्या वस्तूवर ओरखडा नको.

एका दिवाळीला मेव्हण्यानं ती माझ्यापुढं ठेवली. "दाजी, तुमीच सांगा. खरी हाय का म्हाताऱ्याची थाप?"

मी पेपरच्या पुरवणीत वाचलं होतं — जुन्या इंग्रजी चांदीवर सिंह असतो, शहराची खूण असते, वर्षाचं एक अक्षर, आणि घडवणाऱ्याच्या नावाची आद्याक्षरं. बर्मिंगहॅम शहराची खूण नांगर. चित्र एकही नव्हतं.

भिंग लावलं. आद्याक्षरं स्पष्ट होती. अक्षरही होतं. सिंह झिजला होता. "ह्यो कशाचा सिंह? मांजर हाय मांजर!" मेव्हणा म्हणाला, सगळे हसले. मग मी नांगर शोधू लागलो. रुमणं नाही, फाळ नाही. नुसती एक कडी, आणि खाली दोन्हीकडं वळलेला आकडा. कळत नाही, असं म्हणता आलं नसतं का? पण सगळे माझ्याकडं बघत होते — जावई, हुशार. मी म्हणालो, "नांगर नाही. म्हणजे मुलामा आहे."

मामा एवढंच बोलले, "जावई म्हणायलेत तर तसंच आसंल."

त्यानंतर त्यांनी साहेबाची गोष्ट कधी काढली नाही. मेव्हण्याच्या बायकोनं साखरदाणी भांडेवालीला मोडीत देऊन स्टीलचा डबा घेतला. मामांनी अडवलं नाही.

पुढं काही वर्षांनी आम्ही मालवणला गेलो. होडीवाला म्हणाला, "नांगर टाकतंय," आणि त्यानं दोराला बांधलेलं लोखंड पाण्यात सोडलं. वर कडी. खाली दोन्हीकडं वळलेला आकडा.

आम्ही नांगर म्हणजे शेतातलाच जाणणारी माणसं. पण ते निमित्त झालं, आणि ते मी इथं पुढं करणार नाही. होडी लागली असेल म्हणून बायकोनं मला लिंबू हुंगायला दिलं. मी हुंगलं.

परत आल्यावर पिंगळीला गेलो. मामा अंथरुणाला खिळले होते. सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. पण त्यांनीच हात धरला, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "जावई, तव्हा तुमी नीट बघितलं व्हतं ना?"

मी म्हणालो, "हो मामा. नीट बघितलं होतं."

त्यांनी मान हलवली, हात सोडला आणि भिंतीकडं तोंड केलं. आतून चहा आला — त्याच स्टीलच्या डब्यातल्या साखरेचा. मी तो संपवला. त्यानंतर मामा मला भेटले नाहीत.