टेंपोतली लाइट

आमच्याकडे रविवार नुसता नावाला होता. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात लेथवर कामाला होते आणि तिथली आठवड्याची सुट्टी शुक्रवारी. कारखाने बंद म्हणून दुरुस्तीसाठी लाइटही त्याच दिवशी बंद, आणि शिवमंदिराकडची आमची चाळ त्याच लाइनवर, म्हणून आमचे पंखेही गप्प. शुक्रवारी गिरणीत दळण मिळत नाही हे ज्याला सांगावं लागत नाही, तो आमच्यातला.

बाबांना विमानांचं वेड होतं. खऱ्या विमानात त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. त्यांचं विमान हलक्या लाकडाचं, पतंगाच्या कागदाने मढवलेलं, मी दोन्ही हात पसरले तरी पंख उरतील एवढं मोठं आणि बिनइंजिनाचं. दोर लावून ते पतंगासारखं वर चढवायचं. दोर घेऊन धावायचं काम माझं, कॉलेजात गेले तरी सुटलं नाही. वर गेल्यावर दोर गळून पडायचा आणि ते घारीसारखं तरंगत राहायचं. शेपूट वळवायला पोटात एक छोटी मोटर आणि तिला हुकूम सोडणारा रिमोट बाबांच्या हातात. तो त्यांनी उल्हासनगरच्या बाजारात जुन्या परदेशी मालाच्या ढिगातून शोधून आणला होता. रिमोटला साधे पेन्सिल सेल चालत. विमानाच्या पोटातली बॅटरी मात्र गुरुवारी रात्रभर चार्जरला लावावी लागे, तेव्हा कुठे शुक्रवारी बदलापूरच्या शेतांत उडवायला पुरे.

आईच्या मते हे सगळं म्हातारपणी सुचलेलं पोरपण होतं. ती एकदाही बघायला आली नव्हती.

नव्वद साल उलटून गेलं होतं. भात कापून शेतं मोकळी झाली होती आणि बाबांना काचबिंदू निघाला. मोतीबिंदू असता तर काढून मोकळे झालो असतो. यात गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंब टाकून सांभाळायची, असं डॉक्टर म्हणाले. बाबा घरी येऊन एवढंच बोलले, "या शुक्रवारी एकदा शेवटचं उडवतो. मग ते खुंटीला." त्यांना ते उडताना एकदा तरी नीट दिसावं, यापलीकडे मला त्या आठवड्यात काही सुचत नव्हतं.

आईला शॉर्टसर्किटची भारी धास्ती. झोपायच्या आधी ती घरभर फिरून दिसेल ते बटण बंद करायची आणि दर गुरुवारी बाबा तिच्या मागून जाऊन चार्जरचं बटण गुपचूप पुन्हा चालू करायचे. त्या गुरुवारी ते डोळ्यांत थेंब टाकून पडले आणि तसेच झोपी गेले.

सकाळी विमानाचा खटका दाबला तर शेपूट हलेना. लाइट गेलेली, ती संध्याकाळशिवाय यायची नव्हती. बाबा रागावले असते तर आई दुप्पट आवाजात उत्तर देऊन मोकळी झाली असती. पण ते नुसते फडक्याने विमान पुसत बसले. आईने ते थोडा वेळ पाहिलं, पदर खोचला आणि ती पायात चप्पलही न घालता बाहेर पडली, मी तिच्या मागे.

कोपऱ्यावरच्या दुकानात दर शुक्रवारी उल्हासनगरहून पापडांचा टेंपो यायचा. तो चालवणारे सिंधी काका साऱ्या चाळीच्या ओळखीचे.

"भाऊ, तुमच्या गाडीतली जरा लाइट द्या," आई म्हणाली.

काकांनी दोन्ही हेडलाइट लावून दाखवले. "घ्या ताई. पण इतक्या उन्हात लाइट कशाला?"

"ती नव्हे हो! आतली लाइट. करंट!"

"अच्छा, करंट! असं बोला ना. शुक्रवारी करंट फक्त आपल्याकडेच."

मी बाबांना हाक मारून आणलं. ते टेंपोची बॅटरी चाचपून पाहू लागले आणि त्यांचा चेहरा उजळला. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची, विमानाची तिच्या निम्म्याहून कमी. थेट जोडली तर विमानाची जळून जाणार. म्हणून मध्ये एक छोटा बल्ब घालायचा. गाडीचा जोर बल्ब खातो आणि विमानाला घोट घोट मिळत राहतं. बल्ब मंद पेटलेला असला म्हणजे काम चाललंय. काकांनी डब्यातून नंबरप्लेटचा जादा बल्ब काढून दिला.

"पण मी थांबू शकत नाही, भाऊ. बदलापूरपर्यंत माल टाकायचाय."

"मग चालत्या गाडीत करू," बाबा म्हणाले.

आई निमूटपणे आमच्यासोबत मागे चढली. पापडांच्या गठ्ठ्यांवर आम्ही तिघं, माझ्या मांडीवर विमान, पुढून आलेल्या दोन वायरी आणि आईच्या हातात पदराच्या घडीवर धरलेला तो बल्ब. मी शास्त्र शाखेची, व्होल्टची गणितं मला तोंडपाठ होती. तरीही मी थक्क झाले होते. जी ताकद पापड वाहून नेत होती तीच एका वायरीतून येऊन, आईच्या हातात जराशी थांबून, कागदाच्या विमानात उतरत होती. आणि तिला ना आवाज, ना वास. मला हात जोडावेसे वाटले.

"पेटलाय ना गं?" बाबांनी विचारलं.

"पेटलाय की. दिसत नाही तुम्हाला?"

"ऊन आहे ना."

आईने ओंजळीचा आडोसा करून बल्ब त्यांच्या डोळ्यांपुढे नेला. "आता?"

बाबा पार वाकले. "हां, आता दिसतो."

मला तो लांब बसून उघड्यावरसुद्धा स्वच्छ दिसत होता. आईने माझ्याकडे पाहिलं. नजर इतकी गेली असेल याची आम्हा दोघींनाही कल्पना नव्हती. पुढे प्रत्येक दुकानाशी बाबांनी विचारलं आणि आईने न कंटाळता "पेटलाय" म्हणून सांगितलं.

बदलापूरच्या शेतात पोचलो तेव्हा शेपूट टकाटक हलत होतं. काकाही खाली उतरले, उडतं का ते बघायला. मी भाताच्या धसकटांवरून ठेचकाळत दोर घेऊन धावले, दोर सुटला आणि विमान वर राहिलं. किती वेळा पाहिलं असेल मी ते, पण दर वेळी श्वास अडकायचा. उन्हात पंखांतून लाकडाच्या बारीक फासळ्या दिसत होत्या.

"अगं बाई!" आई म्हणाली.

"कुठंय?" बाबांचा आवाज बदललेला होता. ते आभाळाच्या भलत्याच कोपऱ्यात पाहत होते.

मी धापा टाकत "डावीकडे, डावीकडे" ओरडले आणि घोटाळा झाला. विमानाचं तोंड आपल्याकडे असलं की त्याची डावी ती आपली उजवी. आईला असलं काही ठाऊकच नव्हतं.

"चंदेरीच्या डोंगराकडे चाललंय," ती म्हणाली. "आता वळलं. आपल्याकडे तोंड केलंय. वीटभट्टीवर आलं बघा."

"वर की खाली?"

"वर! घारीच्याही वर गेलं हो!"

बाबांनी आभाळात शोधणं सोडून दिलं. मान आईकडे कलती करून ते ऐकत होते आणि बोटं रिमोटवर हलत होती. ती मलंगगड म्हणाली की विमान मलंगगडाकडे वळत होतं. विमान उडतं याचं नवल मला दर वेळी वाटायचं. हे नवल त्याहून मोठं होतं, आणि मी भर उन्हात उभी राहून रडले. शेवटी ते खाली, जवळ आलं तेव्हा बाबांना दिसलं. त्यांनी ते अलगद धसकटांवर टेकवलं.

"ताई, तुम्ही तर पूरा कंट्रोल टॉवर!" काका म्हणाले.

परतताना विमान आईने स्वतःच्या मांडीवर घेतलं.

पुढच्या गुरुवारी झोपायच्या आधी तिने नेहमीसारखी घरातली सगळी बटणं बंद केली. चार्जरचं तेवढं चालू ठेवलं.