त्रेचाळीस डिग्रीतले पुंजारामभाऊ

मार्तंडरावांच्या तोंडून कोणाबद्दल चांगलं सहसा निघत नाही. एकदाच निघालं, आणि त्यानं शेजारच्या पुंजारामभाऊंचा विरह तीन महिन्यांनी वाढला.

झालं असं. पुंजारामभाऊंची बायको, कौसल्यावहिनी, लेकीकडे इंग्लंडात. मेच्या पहिल्या आठवड्यात परत यायच्या होत्या. एप्रिलात त्यांचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा भाऊ अंघोळीला गेलेले, म्हणून फोन मार्तंडरावांनी उचलला.

"भाऊजी, खरं सांगा," वहिनींनी विचारलं, "माझ्या माघारी ह्यांचं कसं चाललंय?"

मार्तंडरावांनी सगळी नोकरी वरच्यांना 'सर्व ठीक आहे' असं कळवण्यात काढलेली. सवयीनं म्हणाले, "एकदम मजेत. जेवण बराबर, झोप बराबर. थोडं पोटही सुटलंय. तुम्ही बिलकुल काळजी करू नका."

वहिनींनी केली नाही. दुसऱ्याच दिवशी लेकीकडून तिकीट जुलैअखेरीवर ढकलून घेतलं.

"तुम्हाला कोणी तोंड उघडायला सांगितलं होतं?" शरयूताईंनी नवऱ्याला फैलावर घेतलं.

"अगं, त्यांनीच विचारलं."

"मग खरं सांगायचं. रोज खिचडी खातोय तो माणूस. परवा आमटी म्हणून नुसतं फोडणीचं पाणी प्यायला."

पुंजारामभाऊ मूळचे केदारखेड्याचे. लेकीच्या, तृप्तीच्या शिक्षणासाठी त्यांनी जालन्यात मस्तगडला घर केलं आणि शेत धाकट्या भावावर, तातेरावावर सोपवलं. तृप्ती नर्स झाली आणि थेट डेव्हनला गेली. डेव्हन ही काउंटी. काउंटी म्हणजे आपला जिल्हाच, फक्त त्याला समुद्र असतो आणि उन्हाळा नसतो. फेब्रुवारीत नवरा-बायको दोघंही तिकडे गेले. महिना भरायच्या आत भाऊ एकटेच परतले. म्हणे कांद्याचं बी काढायला आलंय. बी तातेराव दरवर्षी काढतोच. पण हात मोकळे ठेवून बसणं भाऊंना जमेना.

आल्या आल्या त्यांनी चहाच्या हॉटेलात डेव्हन निकालात काढलं.

"ऊन म्हंजे कसं, आजारातून उठलेल्या मानसावानी. येतं, जरा टेकतं, जातं."

"आणि समुद्र?" कोणीतरी विचारलं.

"एवढं पानी, आन् एक मोटर टाकता येत न्हाई. ना प्यायला, ना पिकाला. नुसतं येऊन जाऊन राह्यलंय."

लोक हसले. भाऊही हसले. तेव्हा मार्च होता.

मग ऊन तापलं. दुपारी मस्तगडची गल्ली अशी ओस पडायची की कुत्रीही नालीत उतरून बसायची. भाऊंच्या बोलण्यातून डेव्हनची टिंगल हळूहळू गळत गेली. तृप्तीनं त्यांच्या फोनवर दोन हवामानं लावून दिली होती, एक इथलं, एक तिथलं. भाऊ सकाळी उठले की आधी तिथलं बघायचे.

"आज चौदा हाये तिकडं," ते मार्तंडरावांना सांगायचे. "पाऊस दाखवून राह्यलंय. तृप्तीच्या मायनं शाल घेतली आसन का न्हाई?"

"आणि आपल्याकडे किती?"

"आपलं काय बघायचं त्यात? हाये तेवढं हाये."

भाऊंच्या घरात एक कुलर होता. त्याची मान फिरायची बंद पडून वर्षं लोटली होती, त्यामुळे वारा एकाच खाटेला मिळायचा. पूर्वी ह्या वाऱ्यावरून नवरा-बायकोची भांडणं भिंतीपलीकडे मार्तंडरावांना स्वच्छ ऐकू यायची. एका दुपारी ते गेले, तर भाऊ आपल्या खाटेवर घामानं निथळत बसलेले आणि कुलर मोकळ्या खाटेवर वारा घालतोय. मार्तंडरावांनी उठून कुलर भाऊंकडे वळवला.  भाऊ पाणी प्यायला म्हणून उठले आणि येता येता त्यांनी तो होता तसा करून ठेवला.

त्या दिवसापासून मार्तंडरावांना जेवण गोड लागेना. एकदा का वहिनींना खरं कळलं, की त्या पहिल्या विमानानं येतील याची त्यांना खात्री होती. संध्याकाळी कॉलची वेळ साधून ते भाऊंच्या शेजारी जाऊन बसले.

पडद्यावर वहिनी आल्या. अंगात स्वेटर, डोक्यावर स्कार्फ, मागे करडं पाणी. तिकडे अजून दुपारच होती. चाळीस वर्षांत दुपारच्या वेळी ह्या बाईला बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

"काय करून राह्यली?" भाऊंनी विचारलं.

"काय न्हाई. जेवल्यापासून इथंच बाकड्यावर हाये. घाम न्हाई, काय न्हाई. कुनी काय मागायला बी आलं न्हाई." वहिनी थोड्या ओशाळल्यासारख्या हसल्या. मग म्हणाल्या, "आवो, तृप्ती म्हनती तिकीट आजून बदलता येतंय. तुमचे हाल होत आसतील तर सांगा. येऊ का?"

मार्तंडरावांनी भाऊंना कोपरानं ढोसलं.  मार्तंडराव स्वतःच पुढे सरकले, "वहिनी, त्याचं असं आहे की..." तेवढ्यात भाऊंनी फोन दुसऱ्या हातात घेतला. पडद्यावर आता मार्तंडरावांचा फक्त कान उरला.

"आज किती हाये तिकडं?" भाऊंनी विचारलं.

"मला काय म्हाईत? गार हाये."

"पंधरा हाये. म्या पाह्यलंय."

"मंग? येऊ का?"

"राह्य. इथं येऊन काय करती? सगळं बराबर हाये. हे मार्तंडराव बी हायेत."

"पोट सुटलं म्हने तुमचं."

"सुटलंय थोडं," भाऊ म्हणाले आणि खाली काही दिसू नये म्हणून फोन आणखी जवळ धरला.

अजून थोडं बोलणं झालं. वहिनींनी समुद्र दाखवला. भाऊ तो बराच वेळ बघत राहिले, मोटरबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. कॉल संपला. पडदा काळा झाला तरी फोन त्यांच्या हातात तसाच होता.

मार्तंडरावांना आता राहवेना.

"कमाल आहे तुमची, भाऊ. महिनाभर झुरताय, रात्रंदिवस तिकडचा पाऊस मोजताय. बाई स्वतःहून विचारतेय. एकदा 'ये' म्हणायला काय झालं होतं?"

पुंजारामभाऊंनी फोन खिशात घातला.

"म्हनलं आसतं तर आली आसती."